गुरुद्वादशीचा मुहूर्त

आज आश्विन वद्य द्वादशी. दिवाळीचे द्वार ह्याच तिथीला उघडते. अंगणात पाडसासह गाय उभी राहते, सुवासिनी तिच्या खुरांवर पाणी घालून तिला कुंकू लावतात आणि त्या दिवशी गाईचे दूधतूप वर्ज्य करून बाजरीची भाकरी व गवारीची भाजी ह्यांवर उपास सोडतात. दत्तभक्तांच्या घरी हीच तिथी गुरुद्वादशी होय. श्रीपादश्रीवल्लभांनी कुरवपुरी कृष्णेच्या पात्रात अवतार संपविला तो हा दिवस. नरसोबाच्या वाडीपासून आमच्या पंचवटीतील लहानशा दत्तमंदिरापर्यंत सर्वत्र आज पादुकांवर अभिषेक चाललेला असेल. ह्या पुण्यतिथीशी महाराष्ट्रातील आणखी एक स्मरण जोडलेले आहे. ते देवळातले नाही, नाटकगृहातले आहे. तथापि एका वसुबारसेला ते आम्हांस देवघरासमोर सांगावे लागले, म्हणून आज ते ह्या पानावर मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी ह्याच तिथीला देवळाली कॅम्पात एका सद्गृहस्थांकडे आमचे कीर्तन होते. देवळाली म्हणजे छावणीचे गाव. रुंद, सरळ, झाडांनी झाकलेले रस्ते, हवापालटासाठी येणाऱ्यांची जुनी सॅनेटोरियमे, टेकडीवर खंडोबा आणि पलीकडे तोफखान्याची शाळा. पूर्वरंग चालू असताना दुरून तोफांच्या सरावाचे आवाज येत होते. आमच्या तबलजींनी एकदा सम नेमकी त्या आवाजावर आणली आणि श्रोते हसले. कीर्तन आटोपले, आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. मग यजमानीणबाईंनी आम्हांस देवघराशी बसवून हळूच विषय काढला. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. त्याला नाटकाचे शिक्षण घ्यायचे होते. यजमानांनी आठ दिवस मुलाशी बोलणे टाकले होते. बाईंचे म्हणणे एवढेच, की शास्त्रीबुवांनी शास्त्र काय ते सांगावे.

शास्त्र सांगणे आम्हांस अवघड नव्हते आणि तीच खरी अडचण होती. स्मृतिकारांनी कुशीलवाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे. उलट भरतमुनींनी नाट्याला पाचवा वेद म्हटले आहे; पण त्याच नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागात अशी कथा येते, की भरतपुत्रांनी ऋषींची विटंबना करणारे प्रयोग केले आणि त्यांना शाप मिळाला. म्हणजे वंदन आणि शाप ही दोन्ही एकाच ग्रंथात. यजमानांना हवे ते वचनही आमच्यापाशी होते आणि मुलाला हवे ते वचनही. आणि कीर्तनकाराने नटाला नावे तरी कोणत्या तोंडाने ठेवावी? नारदाच्या गादीवर उभे राहून आम्ही एका घटकेत द्रौपदी होतो, दुसऱ्या घटकेत दुःशासन. डोक्याचा रुमाल आणि खांद्याचे उपरणे एवढीच काय ती आमची रंगभूषा. म्हणून त्या रात्री आम्ही वचन सांगितले नाही. एका सतरा वर्षांच्या मुलाचे आख्यान सांगितले. तो मुलगा म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. सारा महाराष्ट्र ज्यांना बालगंधर्व म्हणतो ते.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा, पुण्याचा. घराणे सांगलीकडील नागठाण्याचे. मध्यम स्थितीतले ब्राह्मण कुटुंब. घरात गाण्याची आवड होती, पण गाण्यावर पोट भरण्याची रीत नव्हती. मुलाच्या गळ्यातली गोडी लहानपणीच दिसून आली. शिक्षणासाठी त्याला काही काळ जळगावला नातलगांकडे ठेवले होते. देवळालीच्या स्थानकावरून भुसावळकडे जाणारी गाडी मनमाड, चाळीसगाव ओलांडून ज्या जळगावी पोहोचते, तेच हे. तेथे मेहबूबखाँ नावाच्या गवयांकडून त्याला गायनाचे पहिले धडे मिळाले. शाळेतल्या विद्येत विशेष प्रगती झाली नाही. सुरांची विद्या मात्र अंगात मुरू लागली.

बालगंधर्व हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. पुण्यात दहा-अकरा वर्षांच्या ह्या मुलाचे गाणे लोकमान्यांनी ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. ते नाव पुढे इतके चिकटले, की राजहंस हे आडनाव लोकांना विचारून घ्यावे लागे. आम्हांस ह्या कथेत नेहमी एक धोका दिसतो. नाव आधी मिळाले आणि विद्या मागाहून यावयाची होती. दहाव्या वर्षी गंधर्व म्हटलेली मुले आम्ही आमच्या कीर्तनाच्या फिरतीत पुष्कळ पाहिली. विसाव्या वर्षी त्यांचे गाणे कुणी ऐकत नाही. कौतुक हे तुपासारखे असते, नुसते चाटले तर बाधते. नारायणाला ते बाधले नाही. ह्याचे कारण पुढची आठ वर्षे त्याच्या गळ्याभोवती कौतुकाहून कठीण अशा गोष्टी येत गेल्या.

त्यांतली पहिली म्हणजे कानाचे दुखणे. गाणाऱ्या मुलाला ऐकू कमी यावे, हा दैवाचा कोण विनोद! कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी ह्या मुलाचे गाणे ऐकले होते. त्यांनी त्याला मिरजेस पाठवून तेथील मिशन इस्पितळात डॉक्टर वानलेस ह्यांच्याकडून कानावर उपचार करविले. त्याच सुमारास किर्लोस्कर संगीत नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेस होता. महाराजांनी मुलाला मंडळीत घेण्याविषयी शब्द टाकला. वैद्याची गाठ, आश्रयदात्याची गाठ आणि गुरूची गाठ एकाच गावी पडली. ज्योतिषी ह्याला योग म्हणतील. आम्ही एवढेच म्हणू, की महाराजांनी गाण्याचे बक्षीस देऊन मुलाला परत पाठविले असते, तर आजचे हे आख्यान नसते.

किर्लोस्कर मंडळीला त्या वेळी मुलाची किती गरज होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, तेही दिवाळीच्याच दिवसांत, पुण्यास शाकुंतलाचे पहिले चार अंक संगीतात करून दाखविले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. कालिदासाच्या शाकुंतलाला अण्णासाहेबांनी जी पदे घातली, त्यांत साकी होती, दिंडी होती, अंजनीगीत होते. ही वृत्ते आमच्या कीर्तनाच्या आख्यानांतलीच. म्हणजे नाटकगृह आणि देऊळ ह्यांच्यामध्ये पहिल्या दिवसापासून एक दार उघडे होते. पुढे ह्या मंडळीचा प्राण झाले ते भाऊराव कोल्हटकर. शकुंतला, सुभद्रा अशा भूमिकांनी त्यांनी वीस वर्षे महाराष्ट्र वेडा केला. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव गेले आणि मंडळीची गादी रिकामी झाली. नाटके होती, पडदे होते, नानासाहेब जोगळेकरांसारखे नट होते, शंकरराव मुजुमदारांसारखे व्यवस्थापक होते, शकुंतला नव्हती. चार वर्षे ही उणीव राहिली. त्या रिकाम्या जागी सतरा वर्षांचा नारायण उभा राहणार होता. ह्या वयाच्या मुलाला ह्याहून मोठे ओझे कोणते?

येथे गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे नाव आदराने घ्यावयास हवे. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावास असताना ते अण्णासाहेबांच्या सहवासात आले आणि त्यांच्याच मंडळीत राहून नाट्याचार्य झाले. शूद्रकाचे मृच्छकटिक त्यांनी मराठीत आणले, बाणभट्टाच्या कादंबरीवरून शापसंभ्रम रचले आणि १८९९ मध्ये शारदा लिहून जरठ-बाला-विवाहाच्या रूढीवर असा घाव घातला, की व्याख्यानांनी तो बसला नसता. आम्हां संस्कृत शिकलेल्या लोकांना देवलांचे ऋण फार वाटते. मूळ ग्रंथ मोडू न देता घरातल्या बोलण्यात कसा आणावा, हे त्यांच्या नाटकांतून शिकावे. नारायणाची अभिनयाची तालीम ह्या देवलांकडे झाली.

तालीम हा शब्द आज फार सैल झाला आहे. त्या काळच्या मंडळीत तालीम म्हणजे काय, हे वाचकांना थोडे सांगावेसे वाटते. मंडळीत दाखल झालेल्या मुलाला आधी नक्कल मिळे, म्हणजे त्याच्या भूमिकेची संवादपदे उतरून काढलेली वही. ती पाठ झाल्यावर तालीममास्तर समोर बसत. कोणता शब्द उचलून म्हणायचा, कोणता टाकून. पद सुरू होण्यापूर्वीचे वाक्य कोठे ठेवायचे, म्हणजे गाणे वरून चिकटविल्यासारखे वाटणार नाही. पदर कोणत्या हाताने सावरायचा, दुसऱ्याचे भाषण चालू असताना आपली नजर कोठे असावी, ह्या सगळ्यांची उजळणी होई. शाकुंतल-सौभद्रासारख्या नाटकांत शंभराहून अधिक पदे असत आणि प्रयोग रात्रभर चाले. मंडळीचे बिऱ्हाड एकत्र, पंगत एकत्र, प्रवास एकत्र. गावे बदलत, तालीम बदलत नसे.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाने करावयाचा, वाणीने करावयाचा, वेषाने करावयाचा आणि अंतःकरणाच्या एकाग्रतेतून उमटणारा. पहिले तीन शिकविता येतात. चौथा शिकविता येत नाही. पण पहिले तीन इतके पक्के करून घेता येतात, की चौथ्याला यावयास वाट मोकळी राहते. देवलांनी नारायणाच्या बाबतीत हेच केले, असे आम्हांस वाटते. गळा त्याने आणलाच होता. मात्र सुरेल गळ्याच्या मुलाची खोड अशी असते, की पद आले की तो भूमिका सोडून गवई होतो आणि पद संपले की पुन्हा भूमिकेत शिरतो. ही खोड कीर्तनकारांतही असते. आमच्यात ती फार दिवस होती. शकुंतलेचे दुःख शकुंतलेच्याच गळ्यातून यावे, त्यात गवयाची बढाई येऊ नये, हा जो बालगंधर्वांचा पुढे लौकिक झाला, त्याचे मूळ ह्या तालमीत आहे.

आणि मग तो मुहूर्त आला. २५ ऑक्टोबर १९०५, बुधवार. आश्विन वद्य द्वादशी, गुरुद्वादशी. मिरजेच्या हंसप्रभा नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीच्या शाकुंतलात नारायणराव राजहंस शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगभूमीवर आले. त्याच दिवशी, तेथून फार दूर नसलेल्या नरसोबाच्या वाडीला गुरुद्वादशीचा उत्सव चाललेला असणार. दिवसा पादुकांचे दर्शन घेऊन रात्री मिरजेत नाटकाला आलेले भाविक त्या प्रेक्षागृहात नसतील असे आम्हांस वाटत नाही. ज्यांनी भाऊरावांची शकुंतला पाहिली होती, ते तर आलेच असतील आणि मनात तराजू घेऊनच बसले असतील. कण्वाश्रमातली ती मुलगी झाडांना पाणी घालीत आली, गाऊ लागली, आणि तराजू मिटले. पहिल्याच रात्री लोकांना कळून चुकले, की मंडळीची गादी आता रिकामी नाही. देवलांच्या तालमीत त्यांनी पुढे सुभद्रा केली, वसंतसेना केली, शारदा केली. म्हणजे कालिदासाची वनकन्या, यादवकुळातली हट्टी राजकन्या, शूद्रकाची उदार गणिका आणि बापाच्या लोभाला बळी जाऊ पाहणारी दरिद्री ब्राह्मणाची पोर. पाच-सहा वर्षांत एका तरुणाने इतक्या निरनिराळ्या स्त्रियांच्या मनात शिरून यावे, ही लहान साधना नव्हे.

देवळालीच्या यजमानांनी येथे एक शंका काढली. पुरुषाने स्त्रीवेष घ्यावा, हे त्यांना खटकत होते. शंका जुनीच आहे. त्या काळी कुलीन घरांतील स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून मुलांना ती कामे करावी लागत, हे व्यावहारिक उत्तर झाले. आम्ही त्यांना दुसरे दाखविले. नारायणरावांनी स्त्रीवेषाचा उपहास कधी होऊ दिला नाही. त्यांचे नऊवारीचे नेसणे, शेला घेण्याची तऱ्हा, केसांतला गजरा, नथ, ह्यांचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. आमचे वडील तरुणपणी त्यांचे प्रयोग पाहून आले होते. ते सांगत, की नाटक संपल्यावर घरी येताना बरोबरच्या बायका पदराविषयी बोलत असत आणि पुरुष गाण्याविषयी. वेषात टवाळी असती, तर घरंदाज बायकांनी तो उचलला नसता.

गाण्याची पुढची विद्या भास्करबुवा बखल्यांची. बुवांचे चरित्र ह्या आख्यानात यावे असेच आहे. तेही लहानपणी किर्लोस्कर मंडळीतले बालनट. त्याआधी बडोद्यास पिंगळेबुवा ह्या कीर्तनकारांकडे त्यांनी गाण्याचे पहिले संस्कार घेतले. रामराज्यवियोगातली त्यांची कैकेयी गाजली. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि नाटकातला तो मानाचा मुलगा एकाएकी कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही. त्याच फुटलेल्या आवाजाची मनधरणी करीत ते फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा थोर उस्तादांच्या पायाशी बसले आणि हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचे गवई झाले. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. असा गुरू नारायणरावांना लाभला. नाटकाने दिलेले कसे एका रात्रीत जाते, हे ज्याने स्वतः भोगले आहे, त्याच्याकडून शिकलेला शिष्य टाळ्यांवर विसंबत नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यावर कीर्तनात बोलणे आम्ही पुष्कळ वर्षे टाळीत आलो. १२ मार्च १९११. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे मानापमान हे नाटक किर्लोस्कर मंडळी मुंबईस प्रथमच करीत होती. गोविंदराव टेंब्यांनी पदांना नव्या चाली दिल्या होत्या, पूरबी ठुमरीच्या ढंगाच्या, मराठी रंगभूमीने तोवर न ऐकलेल्या. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, भामिनी नारायणराव. होळी तोंडावर आलेली, मुंबईत नाटकाची मोठी हवा. आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. मंडळीच्या लोकांनी प्रयोग रद्द करावा असे म्हटले. नारायणरावांनी तो होऊ दिला नाही. रंग लावला, शालू नेसला, आणि भामिनी म्हणून उभे राहिले. ती भामिनी कशी? श्रीमंत बापाची गर्विष्ठ, हसरी, दरिद्री वराला तुच्छ लेखणारी मुलगी. शोकाचे एक पद असते, तर रडून घेता आले असते. ह्या भूमिकेत पहिल्या अंकात तरी तशी जागा नाही. प्रयोग रंगला. ते नाटक पुढे पिढ्यानुपिढ्या चालले.

ह्या गोष्टीचा अर्थ काय लावावा? काही वक्ते हिला कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगतात आणि श्रोते टाळ्या देतात. आम्हांस त्या टाळ्या रुचत नाहीत. आमच्या घरी अशौच असले तर आम्ही गादीवर उभे राहत नाही. आमच्या जागी दुसरा कीर्तनकार जातो. लहान मुलाचे अशौच धर्मशास्त्राने वयाच्या मानाने थोडेच सांगितले आहे, हे खरे. परंतु ती गणना स्नानाची आहे, बापाच्या काळजाची नाही. एकदा आमच्या एका गावच्या उत्सवात अशौचामुळे आम्ही ऐनवेळी गेलो नाही. तेव्हा पाच कोसांवरून चालत आलेली म्हातारी माणसे मंडपात रात्री बसून राहिली आणि परत गेली, हे मागाहून कळले. त्या दिवशी प्रथम मानापमानाच्या रात्रीचा आम्ही निराळा विचार केला. नाटकमंडळी म्हणजे एकटा नट नव्हे. त्यात आचारी, पडदे ओढणारे, दिवाबत्ती करणारे, साजिंदे, पोरकी मुले, अशी कितीतरी पोटे त्या एका पहिल्या प्रयोगाच्या तिकिटांवर होती. नारायणरावांच्या मनात हे होते की दुसरेच काही, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. तथापि जो मनुष्य कठोर असतो, तो आपल्या नावाने पैसा साठवितो. ह्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगतीत तूप वाढले आणि स्वतः कर्जात राहिला. कठोरपणाचा आरोप त्यांच्यावर बसत नाही, एवढे म्हणून आम्ही थांबतो.

देवळालीला हा प्रसंग सांगताना यजमानीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. यजमान मात्र प्रथमच मुलाकडे पाहू लागले. त्यांनी त्याला विचारले, की अशी वेळ आली तर तू काय करशील? मुलगा काही बोलला नाही. खरे सांगायचे तर त्याने तेथे काही थोर उत्तर दिले असते, तर आम्ही त्याला नाटकाला पाठवू नका असेच म्हटले असते.

पुढचा भाग आम्ही त्या रात्री भरभर सांगितला, येथेही तसाच सांगतो. १९११ च्या अखेरीस नानासाहेब जोगळेकर वारले आणि मंडळीची घडी विसकटली. ५ जुलै १९१३ रोजी नारायणरावांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पंचविसाव्या वर्षी ते मंडळीचे मालक झाले. देवलांचे संशयकल्लोळ ह्या मंडळीने १९१६ मध्ये केले आणि त्याच वर्षी देवल गेले. तालीममास्तराची शेवटची कृती शिष्याच्या मंडळीने रंगविली. त्याच वर्षअखेर खाडिलकरांचे स्वयंवर आले, भास्करबुवांनी त्याच्या चाली दिल्या, आणि नारायणरावांची रुक्मिणी पाहून कृष्णकथा सांगणाऱ्या आम्हां कीर्तनकारांना रुक्मिणीस्वयंवराचे आख्यान नव्याने बसवावे लागले, असे आमचे वडील हसत म्हणत. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त मानापमान झाले. ज्या लोकमान्यांनी नाव दिले, त्यांच्या स्मरणार्थ ते नाव धावून आले. मग वैभव, मग कर्ज, मग बोलपटांचे दिवस. १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या धर्मात्मा ह्या बोलपटात त्यांनी पैठणचे एकनाथमहाराज उभे केले. तीस वर्षे शालू नेसलेल्या त्या देहाला आता संताचा पुरुषवेष मिळाला. नाथांच्या शांतीला साजेसा आवाज मात्र आधीच होता. उतारवयात पायांनी साथ सोडली. तरी कान्होपात्रेची आणि इतर संतांची भजने ते गात राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण, १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास देहावसान. त्यांच्याच नावाच्या पुण्यातील रंगमंदिराचा पाया १९६२ मध्ये त्यांच्या हस्ते घातला गेला. त्याचे दार मात्र ते गेल्यावर, २६ जून १९६८ ह्या त्यांच्या जन्मदिनी उघडले.

आम्ही त्यांना प्रत्यक्ष पाहिले नाही. ते गेले तेव्हा आम्ही शाळेच्या पहिल्या वर्गांत होतो. आम्ही ऐकले ते ध्वनिमुद्रिकांतून, घरच्या रेडिओवरून, आणि वडिलांच्या गळ्यातून. पण एक गोष्ट त्या रात्री यजमानांना सांगितली, ती येथे लपविण्याचे कारण नाही. आम्हीही सतराव्या वर्षी एका नाटकमंडळीला पत्र लिहिले होते. वडिलांनी ते टपालात पडू दिले नाही. रागावले नाहीत, बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून त्यांनी आमच्या हाती झांजा दिल्या. ते वारले तेव्हा त्यांच्या गुरुचरित्राच्या पोथीत ते पत्र घडी घातलेले सापडले. त्यांनी ते फाडले का नाही आणि पाठविले का नाही, ह्या दोन प्रश्नांच्या मधोमध आमची चाळीस वर्षे कीर्तनात गेली. आम्हांस गादीवर खेद नाही. परंतु द्रौपदीचे आख्यान लावताना आजही कधी कधी उपरण्याचा पदर होतो, आणि तो कोणत्या हाताने सावरायचा हे शिकविणारे कुणी भेटले असते तर, असे वाटून जाते.

यजमानांनी ह्यावर काही उत्तर दिले नाही. देवळालीचे लोक आपल्या गावातल्या एका मोठ्या नटाविषयी अभिमानाने बोलतात. येथल्या बार्न्स शाळेत शिकलेला युसूफ नावाचा मुलगा पुढे दिलीपकुमार झाला आणि २०२१ मध्ये वृद्धापकाळी गेला. यजमानांच्या ओठांवर ते नाव आले, पण त्यांना ते उदाहरण म्हणून द्यायचे नव्हते असे दिसले, कारण ते मध्येच थांबले. त्यांनी विचारले ते निराळेच. नाटकाच्या त्या शाळेत शिकविणारे कोण आहेत, ते मुलांकडून किती वर्षे तालीम करून घेतात, आणि पहिली भूमिका केव्हा देतात. मुलाने चटकन सांगितले, की पहिले वर्षभर भूमिका देत नाहीत. हे ऐकून यजमानांचा चेहरा थोडा सैल झाला, असे आम्हांस दिसले.

रात्र बरीच झाली होती. बाईंनी पाने मांडली. गवारीची भाजी, बाजरीची भाकरी, मुगाचे वरण. त्या दिवशीचे शास्त्रोक्त, दूधतुपाविना. जेवताना यजमानांनी मुलाला वाढावयास सांगितले, आणि आठ दिवसांनी त्याच्याशी बोलले ते एवढेच, की भाऊबीज झाल्यावर जाणाऱ्या गाडीची वेळ देवळाली स्थानकावर विचारून ये.